जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ, गाणी, कॅसेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं दुकान नाही. नोकरी वेगळीच आहे. पण आमच्या गल्लीत कोणाचा कॉम्प्युटर रुसला की बोट माझ्या घराकडे दाखवतात, आणि रविवारी सकाळी तर्री-पोहे होतात न होतात तोच कोणीतरी ॲक्टिव्हाच्या पायाशी सीपीयूचा डब्बा उभा करून हजर असतं. मशीन बहुतेक २००८ ते २०१४ मधली, दोन किंवा चार जीबी रॅमची. प्रश्न तर इतके तेच ते असतात की शेवटी लिहूनच काढले.

आधी काय बघू? कॉम्प्युटर किती जुना आहे तेच माहीत नाही.

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि कागदावर उतरवून घ्या: प्रोसेसरचं नाव, रॅम किती, विंडोज कोणती, ३२-बिट की ६४-बिट. इंटेलचा आय३, आय५ असेल तर नावापुढचा आकडा बघा. आय३-२१२० म्हणजे दुसरी पिढी, आय५-७४०० म्हणजे सातवी. नुसते तीनच आकडे असतील, जसं आय३-५३०, तर पहिली. हा कागद हातात असला की निम्मं काम झालं. "काळ्या रंगाचा आहे, समोर निळा लाइट लागतो" एवढ्यावर फोनवरून मला काही सांगता येत नाही.

कोणता प्लेअर टाकू?

व्हीएलसी. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी १९९६ साली सुरू केलेला प्रकल्प, आजही फुकट. चिन्ह म्हणजे रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारंगी शंकू, त्यामुळे नागपुरात कोणाला वेगळं ओळखावं लागत नाही. त्याची ३.० मालिका विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ वरही चालते. घ्यायचा तो व्हिडिओलॅनच्या, म्हणजे व्हीएलसी बनवणाऱ्यांच्या, स्वतःच्या संकेतस्थळावरून. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीतून नाही.

मशीन फारच अशक्त असेल, म्हणजे एक जीबी रॅम वगैरे, तर मीडिया प्लेअर क्लासिक होम सिनेमा टाकून बघा. दिसायला २००० सालचा वाटतो, पण वजनाला हलका. मूळ चमूची शेवटची आवृत्ती १.७.१३ ही २०१७ मध्ये आली, आणि जुन्या मशीनला तीच मानवते.

एकाच मशीनवर पाच-पाच प्लेअर आणि दोन कोडेक पॅक (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून बसवायची आणि परत उलगडायची पद्धत) मी स्वतः पाहिले आहेत. एक चालला नाही म्हणून दुसरा, दुसरा अडकला म्हणून तिसरा. ते सगळे काढा. एक ठेवा.

"कोडेक मिसिंग, इथे क्लिक करा" असं येऊन राहिलं. करू का?

नका करू. व्हीएलसीत लागणारे कोडेक आतच असतात. असं सांगणारी खिडकी वेबपानावरून आली असेल तर ती तुमच्या मशीनमध्ये काहीतरी भलतंच घुसवायला आली आहे. खिडकी बंद, विषय बंद.

भाच्यानं लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये दिला. आवाज येतो, चित्र अडकून-अडकून चालते. जुने पिक्चर मात्र मस्त चालतात. काऊन?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फाइलच्या नावापुढे एमपी४ किंवा एमकेव्ही लिहिलेलं असतं, तो नुसता डबा. डबा सारखाच असला तरी आत घरची वांग्याची भाजी आहे की सावजीचा रस्सा, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. आतला माल म्हणजे कोडेक. जुने पिक्चर बहुतेक एच.२६४ मध्ये असतात, ते मानक २००३ चं. भाच्याच्या नव्या फोननं केलेलं चित्रण एचईव्हीसीमध्ये, म्हणजे एच.२६५ मध्ये असतं. ते २०१३ चं. एव्ही१ तर २०१८ चा. प्रत्येक नवा कोडेक तेच चित्र कमी जागेत बसवतो, आणि त्यापायी उलगडणाऱ्यावर जास्त मेहनत टाकतो.

ही मेहनत दोन ठिकाणी होऊ शकते. ग्राफिक्सच्या चिपमध्ये त्या कोडेकसाठी खास सोय असेल तर काम तिथेच होतं आणि प्रोसेसर आरामात बसतो. सोय नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आठ-बिट एचईव्हीसीची सोय सहाव्या पिढीपासून आली. दहा-बिट एचईव्हीसी आणि यूट्यूबचा व्हीपी९ पूर्णपणे सातवीपासून. त्याआधीच्या मशीननं फोरके लग्न दाखवावं ही अपेक्षाच चूक आहे. आणि आपल्याकडे घरोघरी असलेल्या इंटेलच्या जुन्या जी३१ चिपसेटच्या मदरबोर्डात (डब्ब्यातला मुख्य बोर्ड) तर एच.२६४ चीही सोय नाही. तिथे जे काही चालतं ते कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या जिवावर.

तपासायचं असं. व्हीएलसीत व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. कोडेकच्या पुढे काय लिहिलंय आणि रिझोल्यूशन किती, ते बघा. मग टास्क मॅनेजर उघडून सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा बघा. शंभराला टेकलेला असेल तर निदान झालं.

आता इलाज. टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स. तिथे हार्डवेअर डिकोडिंग "ऑटोमॅटिक" करा. विंडोज ७ वर डीएक्सव्हीए २.० निवडून बघा. हे केल्यावर चित्र हिरवं झालं किंवा चौकोन-चौकोन दिसायला लागले तर तुमचा ग्राफिक्स ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) जुना आहे, पुन्हा "डिसेबल" करा. त्याच पानावर एच.२६४ चा लूप फिल्टर वगळण्याचा पर्याय आहे, तो "ऑल" करा. चित्र किंचित भरड दिसेल, पण कोअर टू ड्युओला बराच दम मिळतो. खाली सेव्ह दाबायला विसरू नका. व्हीएलसी बंद करून परत उघडा. एका वेळी एकच बदल करा. चार बटणं एकदम फिरवली तर कशानं फरक पडला ते कळत नाही. आणि सगळंच बिघडलं तर त्याच खिडकीत खाली "रिसेट प्रेफरन्सेस" आहे.

ते करूनही नाही चालला तर?

मग फाइलच बदला. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात "फास्ट ७२०पी३०" हा तयार पर्याय निवडला की एच.२६४ ची हलकी फाइल मिळते. पण हे जुन्या मशीनवर करू नका, रात्रभर घरघर करत बसेल. भाच्याच्याच लॅपटॉपवर करायला लावा, त्यानंच दिला ना व्हिडिओ.

त्याहून सोपं म्हणजे पुढच्या वेळी चित्रणच जुन्या पद्धतीनं करायचं. आयफोनमध्ये कॅमेराच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स, तिथे "मोस्ट कम्पॅटिबल". बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेराच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी बंद करता येतं.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत.

आवाज पुढे पळत असेल तर व्हीएलसीत के दाबत राहा, मागे राहत असेल तर जे. प्रत्येक दाबाला ५० मिलिसेकंद सरकतो. सबटायटलसाठी जी आणि एच.

आवाजच नाही येऊन राहिला.

हसू नका, पण आधी स्पीकरचं बटण चालू आहे का बघा. मग पिन. मागच्या बाजूला हिरव्या भोकात स्पीकर, गुलाबीत माइक, निळ्यात बाहेरून आणलेला आवाज. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या वायरी काढतात आणि परत लावताना हिरवी पिन गुलाबीत जाते. दरवर्षी दिवाळीनंतर दोन-तीन फोन याचेच.

पिन बरोबर असेल तर घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्लेबॅक डिव्हाइसेस उघडा. एचडीएमआयनं टीव्ही जोडला असेल तर विंडोज आवाज टीव्हीकडे पाठवून मोकळी होते. स्पीकरवर क्लिक करून "सेट डिफॉल्ट" करा. यादीच रिकामी असेल तर ड्रायव्हर गेला, तो मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेल नंबर बघून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

एकाच बाजूनं येत असेल तर नव्वद टक्के वेळा पिन पूर्ण आत गेलेली नसते.

यूट्यूब लई अडकते. नेट तर चांगलं आहे.

नेटचा दोष नाही. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं, तुमच्या चिपला ते झेपत नाही. फायरफॉक्समध्ये एच२६४फाय नावाचं एक्स्टेन्शन टाका. ते यूट्यूबकडून जुना एच.२६४ मागून घेतं. दर्जा ४८०पी वर ठेवा. सतरा इंची मॉनिटरवर, तीन फुटांवरून, कीर्तन ऐकताना ४८० आणि १०८० मधला फरक माझ्या आईला तरी कधी दिसला नाही.

विंडोज ७ वर फायरफॉक्सची शेवटची आवृत्ती ११५ आणि क्रोमची १०९. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून, आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत सुरक्षा देणं थांबवलं. म्हणून विंडोज ७ वर गाणी ऐका, पिक्चर बघा, पण बँकेचा पासवर्ड टाकू नका. एक्सपी असेल तर नेटची वायरच काढून ठेवा.

एकही साइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते.

उजवीकडे खाली तारीख बघा. शेजारच्या काकूंच्या मशीनवर १ जानेवारी २००९ होती. त्यांनी दोन वेळा राउटर बदलायला लावला होता! मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची तीन व्होल्टची बटणासारखी बॅटरी असते. ती संपली की प्लग काढताच मशीन तारीख विसरतं, आणि तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. घड्याळवाल्याकडे मिळते ती बॅटरी. मशीन बंद करून, प्लग काढून, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायची, मग तारीख एकदा नीट करायची.

लग्नाची व्हीसीडी लावली तर मध्येच अटकते.

इथे कॉम्प्युटरचा दोष जवळपास नसतोच. व्हीसीडीतलं चित्र एमपीईजी-१, ३५२ बाय २८८; तुमच्या मशीनला ते डाव्या हाताचं काम आहे. अटकते ती तबकडी.

चमकती बाजू मऊ सुती कापडानं मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल-गोल नाही. वरची, नाव लिहिलेली बाजू जास्त जपा, कारण सीडीमध्ये माहितीचा थर त्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो. खालचा ओरखडा एखाद वेळी चालून जातो, वरचा नाही. मी एक अशी पाहिली की त्यावर बॉलपेननं "मुहूर्त १२.२०" असं दाबून लिहिलं होतं, आणि उजेडासमोर धरली तर ती अक्षरं आरपार दिसत होती. मंगलाष्टकं नेमकी तिथेच गेली.

तबकडी उघडून एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डॅट फाइली आधी हार्ड डिस्कवर उतरवा, मग व्हीएलसीत चालवा. उतरत नसेल तर दुसऱ्याचा ड्राइव्ह वापरून बघा. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा डेस्कटॉपचा जुना जाड ड्राइव्ह मला नेहमी जास्त चिवट वाटला आहे. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ_टीएस हा पूर्ण फोल्डर उतरवायचा. विंडोज १० मध्ये डीव्हीडी चालवण्याची सोय मुळात नाही, तिथेही व्हीएलसीच.

आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी आहेत. त्या कॉम्प्युटरमध्ये घेता येतील?

येतील, आणि हे काम जुन्या डेस्कटॉपवरच चांगलं होतं, कारण त्याच्या मागे निळं भोक असतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपना ते नाही.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात, दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, कुठल्याही ॲक्सेसरीवाल्याकडे मिळते. गुलाबी भोकात घालू नका. ते माइकच्या बारीक आवाजासाठी असतं, टेपचा आवाज तिथे फाटतो. निळं भोक नसेल तर लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. विंडोज ७ साठी २०२० ची २.४.२ आवृत्ती घ्या, त्यात एमपी३ करण्याची सोय आतच आहे. ४४१०० हर्ट्झ, स्टिरिओ. आवाजाची पट्टी सगळ्यात जोरात गातानाही उणे सहाच्या आसपास राहील इतकाच टेपचा आवाज ठेवा. शून्याला टेकली की तो फाटलेला आवाज नंतर कशानंही दुरुस्त होत नाही. डब्ल्यूएव्हीला, म्हणजे आवाज न दाबता ठेवलेल्या फाइलीला, मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला सहाशेच्या आसपास. डब्ल्यूएव्ही जपून ठेवा, नातेवाइकांना एमपी३ पाठवा.

सुरू करण्याआधी टेपचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. काडी तपकिरी होईल, घाबरू नका, ती वर्षांची झीज आहे. आणि कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या; बरीच वर्षं कपाटात पडलेली पट्टी स्वतःला चिकटलेली असते. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, डेस्कटॉप असेल तर टेप आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डवर लावा.

नॉइज रिडक्शन जपून वापरा. मी पहिल्या कॅसेटला हौसेनं इतकं मारलं की खरखर गेली आणि आजोबा विहिरीतून गाऊन राहिले असं वाटायला लागलं. थोडी खरखर राहू द्या.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात.

सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. व्हीएलसीत सबटायटल्सच्या पानावर एन्कोडिंगही तेच, आणि फॉन्ट मंगल किंवा निर्मला. नोटपॅडमध्येच इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसत असेल तर ती फाइल डीटीपीवाल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, आधी युनिकोडमध्ये बदलावी लागेल.

पाच जीबीची फाइल पेन ड्राइव्हमध्ये जात नाही, जागा तर सोळा जीबी आहे.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ आहे, त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आतला माल दुसरीकडे ठेवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुना टीव्ही एक्सफॅट ओळखेलच असं नाही.

हिवाळ्यात चालते, मे महिन्यात अर्ध्या पिक्चरला बंद पडते.

हा खास आपल्या गावचा प्रश्न.

पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात खोली पंचविशीत, नवतपात कूलर बंद असेल तर चाळिशीत. खोली जेवढी तापली तेवढाच प्रोसेसरही वर. इंटेलचे बरेच प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात, म्हणजे व्हिडिओ अडकतो. तरी भागलं नाही तर मशीन धाडकन बंद. कोअर टेम्प हे छोटं सॉफ्टवेअर टाकून आकडा बघा.

मग डब्बा उघडा. प्लग काढून, अंगणात. प्रोसेसरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यांच्या फटीत धुळीचा नमदा बसलेला असतो, बोटानं उचलला तर अख्खा कापडासारखा निघतो. पंखा बोटानं धरून ठेवा आणि दोन फुटांवरून ब्लोअर मारा. न धरता मारलं तर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. कोपऱ्यांसाठी कोरडा रंगाचा ब्रश.

तरीही तापत असेल तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि पात्यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप, वाळली आहे. जुनी पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी. इंटेलच्या मूळ पंख्याला चार प्लास्टिकचे पाय असतात, ते समोरासमोरच्या जोडीनं दाबायचे. तीन बसतात, चौथा बसल्यासारखा दिसतो. तो बोर्डाच्या मागून बघून खात्री करा. माझा स्वतःचा पहिला प्रयत्न याच चौथ्या पायानं फसवला होता.

कूलरचा झोत थेट डब्ब्यावर येईल असं ठेवू नका. थंड वाटतं, पण वाळ्याच्या ताटीतून ओल आणि धूळ दोन्ही येतात. झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकली तर व्हिडिओ अडकणं थांबेल?

नाही. मशीन लवकर सुरू होईल, फोल्डर पटापट उघडतील, आणि त्यासाठी ती जरूर टाका. पण कोडेक उलगडायला तिचा उपयोग नाही. रॅमचंही तसंच, आणि ३२-बिट विंडोज असेल तर चार जीबीच्या पुढची रॅम वाया.

एचईव्हीसीच बघायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड. इथे फसू नका: जीटी ७१० स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, त्याला एचईव्हीसीची सोय नाही. जीटी १०३० ला आहे, दहा-बिटचीही, आणि त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही. मात्र सेकंडहँडचा भाव ऐकून आधी विचार करा, तेवढ्यात टीव्हीला लावायची स्टिक येते का.

विंडोजऐवजी लिनक्स टाकू का?

लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघा, काही न पुसता चालते. आवडली तर टाका, टाकताना मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा. ३२-बिटच मशीन असेल तर अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स. जी३१ ला त्यानंही एचईव्हीसी जमणार नाही.

कधी म्हणायचं की आता झालं?

मदरबोर्डवरच्या छोट्या उभ्या डब्या बघा, कपॅसिटर म्हणतात त्यांना. वरची बाजू पुरीसारखी फुगली असेल किंवा तपकिरी चिकट काही गळत असेल, तर त्या बोर्डावर पैसे घालू नका.

पण कबाडीला देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. चार स्क्रू आणि दोन वायरी. यूएसबीच्या खोक्यात बसवली की ती कुठल्याही लॅपटॉपला लागते. फक्त चपटी रुंद वायर असेल तर आयडीईचं खोकं मागा, बारीक असेल तर साटाचं. आमच्याकडच्या एका दादांनी मुलाच्या मुंजीचे फोटो आहेत हे विसरून अख्खा डब्बा तीनशे रुपयांत दिला. दुसऱ्या दिवशी दोघं गाडीवरून कबाडीकडे गेलो. डब्बा होता तसाच दारात पडलेला होता, झाकण उघडं, आतली जागा रिकामी.